गरम दुधात दोन चमचे तूप

माय, परवा दुपारी आपल्या बमरोलीहून आलेल्या एका पोरीला मी तुझ्या पद्धतीनं विचारलं आणि तिनं मला खरं सांगितलं. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, तरी पत्रच लिहायला बसलेय. मी शिकायला बाहेर होते तेव्हा माझी पत्रं तुला शेजारच्या काकू वाचून दाखवायच्या, आणि त्या काकूंसमोर वाचता येईल असं यात काही नाही. तेव्हाही मी पत्रात खरं फार कमीच लिहायचे. मेसमध्ये जेवण चांगलं असतं, अभ्यास चालू आहे, आबांचे कान डॉक्टरला दाखवा, बस्स. लूमच्या खडखडाटानं आबांचे कान गेले होते, त्यामुळे आपल्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. हॉस्टेलवर मी पहिल्या वर्षी तशीच बोलायचे आणि मुली हसायच्या. वर्षभरात मी आवाज खाली आणला, गुजराती इतकी साफ केली की लोक मला नवसारीकडची गुजरातीच समजायला लागले. मी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. सुरुवात तिथूनच झाली असणार.

भेस्तानच्या त्या प्रसूतिगृहात मी पहिल्यांदा आले तो दिवस तुझ्या लक्षात होता का, हे मी तुला कधी विचारलं नाही. मी नुकतीच भूल देण्याचं शिकून सुरतेत आले होते. आमच्या कामात आपलं स्वतःचं दुकान नसतं, फोन आला की पिशवी उचलायची आणि या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पळायचं. तू तिथं दोन वर्षांपासून आयाचं काम करत होतीस हे मला माहीत होतं. दवाखान्याचं नावही तू सांगितलं होतंस, पण फोनवर पत्ता घेताना माझ्या डोक्यात ते आलंच नाही. मी ऑपरेशनच्या खोलीत शिरते तर तू फरशी पुसतेयस. तू वर बघतेस. तुझ्या तोंडावर हसू यायला लागतं आणि अर्ध्यातच थांबतं, कारण तू बघतेयस की मी आता काय म्हणते. दवाखान्याच्या मालकीण, ज्यांना सगळे मोठ्या बेन म्हणायचे, त्या मला म्हणाल्या की या आमच्या मासी, काय लागेल ते यांच्याकडे मागा. सुरतेत सगळ्याच आयांना मासी म्हणतात. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मासी, सक्शन चालू आहे ना?"

तू म्हणालीस, "हो मॅडम."

झालं. एवढ्यात ठरून गेलं. तू कुणाला सांगू नकोस असं मी कधी म्हटलं नाही, तुला ते सांगावं लागलं नाही. त्या संध्याकाळी मी बमरोलीला आले तर तू चुलीपाशी बसून कळण्याची भाकरी थापत होतीस आणि मला म्हणालीस, "मॅडम, ठेचा देऊ का?" मी हसले. तूही हसलीस. मला वाटलं, बरं झालं, हिनं मनाला लावून घेतलं नाही. किती सोयीचं वाटलं मला ते.

तू काम काय करायचीस हे मला हळूहळू कळलं. बाईला कंबरेतून भूल द्यायची तर तिला टेबलावर बसवून पाठ वाकवावी लागते. कळा देणारी बाई, नववा महिना, पोट एवढं मोठं, ती कशी वाकणार? तू तिच्यासमोर उभी राहायचीस, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घ्यायचीस, दोन्ही हातांनी तिला कवेत घ्यायचीस आणि बोलत राहायचीस. गाव कुठलं, भाऊ किती, माहेरी म्हैस आहे का. सगळं आपल्या अहिराणीत. ती पोर उत्तर देता देता तुझ्या अंगावर सैल पडायची आणि तिच्या मणक्यांमधली जागा माझ्या बोटाखाली उघडायची. मी मागे सुई घेऊन, तू पुढे, मध्ये त्या पोरीची पाठ. तिच्या खांद्यावरून तुझा चेहरा मला दिसायचा. तू माझ्या हातांकडे बघत असायचीस. लहानपणी मी पाटीवर अक्षरं काढायचे तेव्हा तू असंच बघायचीस, एक अक्षर न कळता. एकदा तू घरी मला रागावलीस. "तुना हात गार शेतस," म्हणालीस, आधी चोळून घे आणि मग पाठीला लाव, ती पोर दचकते. मी म्हटलं, माय, मला शिकवू नकोस, मी आठ-नऊ वर्षं घासलीयत.  दुसऱ्या आठवड्यात तू मला साडीच्या कटपिसाची एक टोपी शिवून दिलीस, ऑपरेशनच्या वेळी घालायला, मऊ सुती, निळ्यावर पिवळी फुलं. मी ती घातली नाही. फुलाफुलांची टोपी घालून कोण डॉक्टर जातं, असं मला वाटलं.

आणि तुझा तो प्रश्न. टेबलावर घेण्याआधी, दारातच, तू प्रत्येक खानदेशी पोरीच्या कानाशी वाकायचीस. "काय खादं-पिदं वं बाय? माले सांग, कोनी बोलस नही तुले." आपल्याकडे कळा सुरू झाल्या की घरातून निघण्याआधी गरम दुधात तूप घालून पाजतात, वाट मोकळी होते म्हणून. माझ्या जन्माच्या वेळी तूही प्यायली होतीस. दवाखान्यात हे कबूल केलं की डॉक्टर ओरडतात, म्हणून सासवा आधीच बजावतात, काही खाल्लं नाही म्हणायचं. भूल देणाऱ्याला मात्र ते कळायलाच हवं, कारण पूर्ण बेशुद्ध केलं आणि पोटात दूध असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जातं. तू मला येऊन हळूच सांगायचीस, मॅडम, दूध झालंय. माझ्या आधी तिथं येणारे म्हातारे भूलतज्ज्ञ तुझी मान हलेपर्यंत सुईला हात लावत नसत, हे मोठ्या बेननीच मला सांगितलं होतं. मला ते ऐकून थोडा रागच आला होता. एवढी शिकले आणि आयाच्या मानेवर काम करायचं?

मग मी तुला काम सोडायला लावलं. आता मी कमावते, तुझे गुडघे दुखतात, लोकांचं रक्त-पाणी किती दिवस पुसणार, असं मी सगळं बोलले. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की मोठ्या बेनच्या जावयानं एकदा माझ्यासमोर तुला बादली हलवायला उशीर झाला म्हणून झापलं आणि मी मूग गिळून बसले. तुझ्यासाठी बोलायचं धाडस नव्हतं, तर निदान तू तिथं दिसायला नको, असा माझा हिशेब. तू दोन दिवस विचार केलास. तिसऱ्या दिवशी वाटाणे सोलता सोलता म्हणालीस, बरं, जाते. मग म्हणालीस, "पण तू इचारजो. आपली बोलीमा इचारजो." दुसऱ्या भाषेत विचारलं तर त्या पोरी खरं सांगणार नाहीत, असं तुझं म्हणणं. मी हो हो म्हटलं. कानाआड केलं.

चार-पाच महिने गेले असतील. उन्हाळा होता, सकाळचे साडेदहा-अकरा. मोठ्या बेनचा फोन आला की लगेच ये, बाळाचे ठोके मंदावतायत. मी जवळच होते, दहा मिनिटांत पोहोचले. पोर एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण, आपल्या मागच्या गल्लीतली, पण मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मी गल्लीत जातच कुठे होते? तिची सासू दाराशी उभी. पोर कळांनी तडफडतेय, बेन हात धुता धुता मला घाई करतायत. मी इंजेक्शन भरत होते. भरता भरता, मान वर न करता, मी गुजरातीत विचारलं की सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं आहे का. पोरीनं सासूकडे बघितलं असेल, मला दिसलं नाही. सासू म्हणाली, ना बेन, काही नाही, कालपासून काही नाही. मी मान डोलावली.

माय, पुस्तक मला पाठ होतं. पुस्तक म्हणतं की दिवस भरलेल्या बाईचं पोट भरलेलंच धरायचं, ती काहीही सांगो. कंबरेतून भूल देता आली असती. दोन-तीन मिनिटं जास्त लागली असती, तेवढी होती. पण तिला बसवून धरणार कोण? तुझ्या जागी आलेली नवी बाई भिंतीला चिकटून उभी होती, तिला कशाचीच माहिती नव्हती. मी मनात म्हटलं, पोट रिकामं आहे, पूर्ण भूल देऊन मोकळी होते. पूर्ण भूल देताना कुणीतरी बाईच्या गळ्याच्या कडीवर दोन बोटांनी दाबून धरायचं असतं, पोटातलं वर येऊ नये म्हणून. तेही मी कुणाला सांगितलं नाही. समजावत कोण बसणार, असं वाटलं. ती झोपली, मी श्वासाची नळी घालायला तिचं तोंड उघडलं आणि आतून पांढरं वर आलं. दूध. त्यावर तुपाचा तवंग. मी सक्शन लावून ते ओढलं, डोकं खाली केलं, नळी घातली, सगळं केलं, पण थोडं आत गेलंच. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत होता आणि त्याच वेळी मागे बाळ रडलं, मुलगी होती, चांगली रडली. मोठ्या बेन म्हणाल्या, वाह. त्यांना अजून कळलं नव्हतं.

तुला गल्लीतून कळलं आणि तू रिक्षानं आलीस. तोवर पोरीला मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी चालली होती, मी तिच्या नळीला पिशवी लावून हातानं श्वास देत होते. तू सासूजवळ बाकावर बसलीस. तिचा हात हातात घेतलास आणि तुझा तोच प्रश्न विचारलास. ती रडायला लागली. निघताना पेलाभर गरम दूध, दोन चमचे तूप. रिक्षा दाराशी उभी असताना. घाईत पिशवीत पडलेला तो रिकामा पेला तिनं काढून बाकावर ठेवला. तू दारात येऊन मला एवढंच म्हणालीस, दूध झालंय, मॅडम. त्या क्षणीही मॅडम. मी पिशवी दाबत राहिले.

मग पोरीचा नवरा आला, त्याच्याबरोबर लूमवरचे सात-आठ जण, सुटी घेऊन तसेच आलेले, केसांत धाग्याचे तंतू. आवाज चढत गेले. कोण आहे ती भूलवाली, बाहेर काढा. मी आत होते, काचेतून सगळं दिसत होतं. तू बाकावरून उठलीस, गुडघ्यावर हात ठेवून, आणि दाराच्या मधोमध जाऊन उभी राहिलीस. "ती मनी पोर शे," तू म्हणालीस. "काय बोलनं शे ते माले बोला."

ते मागे सरले. गल्लीत तुला कोण ओळखत नव्हतं? निम्म्यांच्या बायकांना तूच धरलं होतंस. नवरा तुझ्यासमोर मटकन खाली बसला. माझी पोर म्हणून मिरवायचे दिवस होते तेव्हा तू गप्प राहिलीस, आणि जेव्हा माझ्या नावावर फक्त शिव्या होत्या तेव्हा तू पुढे होऊन नातं सांगितलंस.

 मोठ्या बेन माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांना अहिराणी येत नव्हती, पण 'पोर' हा शब्द कळला. त्यांनी मला विचारलं, मासी काय म्हणाली, तू तिची मुलगी? आणि मी, श्वासाची पिशवी दाबत, गुजरातीत म्हटलं, "मासी तर सगळ्यांनाच मुलगी म्हणते, बेन." दार अर्धं उघडं होतं. तू मान वळवली नाहीस, पण तुझी पाठ मला दिसत होती आणि पाठींचं मला कळतं. तुला गुजराती उत्तम येत होती. तू बाकावरचा रिकामा पेला उचललास, सासूच्या पिशवीत घातलास आणि तिला घेऊन खाली गेलीस.

पोर वाचली. नऊ दिवस श्वासाच्या यंत्रावर होती, मग सुटली, तीन आठवड्यांनी घरी गेली, पण तिचं दूध आटलं. ते तीन आठवडे तिच्या मुलीला तू बोंडल्यानं दूध पाजलंस, सासूच्या खोलीत बसून. मी दवाखान्याच्या कागदावर लिहिलं की विचारलं असता नातेवाईकांनी काही खाल्लं नसल्याचं सांगितलं. ते खरंच होतं. कुणी मला दोष दिला नाही. मोठ्या बेन म्हणाल्या, खोटं बोलतात ही माणसं, आपण काय करणार. ही माणसं. मी तिथंही मान डोलावली.

मी घरी आले तेव्हा तुझ्या शिव्या खायची तयारी करून आले होते. तू मला वरणभात वाढलास. त्या पोरीची तब्येत विचारलीस, मी सांगितली. दुसरं काही नाही. तू एकदा तरी बोलली असतीस, माय. तू बोलली असतीस तर मी भांडले असते, रडले असते, पाय धरले असते. तू गप्प राहिलीस आणि मी ते गप्प राहणं वापरलं. अजून तीन वर्षं होतीस तू. रोज एक दिवस होता सांगायला. मग तुला झटका आला आणि भरती करताना फॉर्मवर एक रकाना होता, रुग्णाशी नातं. मी मुलगी असं लिहिलं. ते वाचायला तिथं तुझ्यामाझ्या ओळखीचं कुणी नव्हतं.

मी अजून त्याच प्रसूतिगृहात जाते. मोठ्या बेन आता येत नाहीत, त्यांची सून बघते सगळं. मी इंजेक्शन नंतर भरते. आधी पोरीच्या कानाशी वाकते, सासूला दोन पावलं मागे पाठवते आणि तुझ्याच शब्दांत विचारते. पाठीला हात लावण्याआधी हात चोळते. आयांना धरायला मीच शिकवलंय, गळ्याच्या कडीवर बोटं कुठं ठेवायची तेही. तुझी टोपी पिशवीत असते. आता सगळेच फुलाफुलांच्या टोप्या घालतात, मला मात्र ती अजून डोक्यावर चढवता आलेली नाही.

परवाचीही घाईच होती, बाळाचे ठोके तसेच मंदावत होते. मी वाकून विचारलं तर पोर माझा हात घट्ट धरून म्हणाली, दूध, तूप टाकून. मी म्हटलं, बरं केलंस सांगितलंस. बसवून कंबरेतून भूल दिली, आयानं छान धरलं होतं. मुलगा झाला, आई जागी, हसत होती. त्या खोलीत सगळं एवढं साधं पार पडलं. त्या दिवशी एवढंच तर करायचं होतं.

हे पत्र मी टोपीच्या घडीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं पाठवू? पण एक सांगायचं राहिलंय, आणि ते सांगायलाच मी बसले होते. परवा सगळं आटोपल्यावर बेनची सून मला म्हणाली की मॅडम, तुमची बोली ऐकून त्या पोरी लगेच खरं बोलतात, तुम्हाला ही कुणी शिकवली? खोलीत आम्ही दोघीच होतो. बोलले असते तर काही बिघडणार नव्हतं. माझे केस पिकले, आता मला कोण हसणार आहे? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तशी मी.

मी म्हटलं, "इथं पूर्वी एक मासी होत्या. त्यांच्याकडून शिकले."